उद्दिष्ट कुणाचे? आपले की शेजाऱ्याचे?

सभासद बंधू-भगिनींनो,

दरवर्षी लागणीच्या हंगामात शेतकी खात्यातर्फे गटवार मेळावे होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. भाषणे होतात, शंकासमाधान होते, चहा होतो आणि शेवटी एक छापील पत्रक वाटले जाते. नाव, गाव, गट नंबर, लागणीचे क्षेत्र, उसाची जात असे रकाने भरून झाले की तळाशी एक रकाना राहतो : "यंदाचे एकरी उत्पादनाचे उद्दिष्ट". गेली कित्येक वर्षे ही पत्रके आम्ही गोळा करीत आलो आहोत. बहुतेकांवर एकच आकडा असतो : 100 टन.

आम्ही कधी थांबून विचारतो, "दादा, शंभरच का लिहिले?" उत्तर ठरलेले असते. "शेजारच्याने लिहिलं, म्हणून आम्ही पण लिहिलं." कुणी म्हणतो, "साहेब, तुम्हीच मागल्या सभेत सांगितलं होतं की." पुढे वर्षभराने ऊस तुटतो, वजनपावत्या येतात, आणि पत्रकावरचा आकडा अन् पावतीवरचा आकडा यांची एकमेकांशी ओळखही निघत नाही. पत्रक फाईलला राहते, सभासद शेतात राहतो.

याचा अर्थ शंभर टन अशक्य आहेत असे नव्हे. आपल्या राज्यात ते काढणारे शेतकरी आहेत आणि त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. परंतु राज्याची सरासरी अजून एकरी 40 टनांच्या आत घोटाळत आहे, हेही खरे. मग चुकते कुठे? बेणे, पाणी, खत यांवर आम्ही या अंकातून नेहमीच लिहितो. आज जरा निराळ्या गोष्टीवर लिहायचे योजिले आहे. माणूस उद्दिष्ट ठेवतो ते कशासाठी? आणि कोणते उद्दिष्ट त्याला शेताच्या बांधावर नेते, कोणते नुसते कागदावर राहते?

आमच्या हातून झालेली चूक

प्रथम आमच्याच पदरातील माप घालतो.

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. आपले एक सभासद, क्षेत्र दोन एकर, ऊस नेहमी एकरी चाळिसाच्या घरात. त्या वर्षी मेळाव्यात व्यासपीठावर एका बागायतदाराचा फेटा बांधून सत्कार झाला. टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाच आम्ही पत्रके वाटली. या सभासदांनी उद्दिष्टाचा रकाना मोकळा सोडला होता. आम्हीच म्हणालो, "अहो, लिहा की शंभर! मोठं लिहिल्याशिवाय मोठं होत नाही." आणि त्यांच्या हातचे पेन घेऊन आम्हीच तो आकडा लिहिला.

त्यांनी तो आकडा मनावर घेतला. सोसायटीचे कर्ज उचलले. सुरू उसाला एकरी सुमारे 100 किलो नत्राची शिफारस आहे. त्यांनी जवळजवळ दुप्पट टाकले, आणि तेही उशिरापर्यंत. ऊस दिसायला असा काळाभोर झाला की येणारा-जाणारा सायकल थांबवून पाहायचा. मात्र सुरुवातीला पडलेल्या नांग्या तशाच राहिल्या होत्या. पुढे पावसाळ्यात ऊस लोळला, उंदीर लागले, आणि तोडणीला एकरी 41 टन भरले. उत्पन्न तेच, खर्च मात्र बराच वाढलेला.

त्यानंतर ते मेळाव्याला येईनासे झाले. रस्त्यात भेटले तरी नमस्कार करून पुढे जात. काही महिन्यांनी कानावर आले की त्यांच्या रस्त्याकडेच्या रानाला गिऱ्हाईक येऊन गेले आहे, आणि ते "ऊस आपल्या नशिबात नाही, गुंठ्याने देऊन टाकू" असे म्हणत आहेत. बंधूंनो, आपल्या भागात हे बोलणे किती सोपे आहे ते सांगायला नको. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाले, पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण, तळेगाव असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. पवना-इंद्रायणीच्या काठचे रान एकदा गुंठ्याने गेले की पुन्हा एकराने होत नाही. एका माणसाचे रान जाण्याच्या वाटेवर आले, आणि त्या वाटेवर आम्ही लिहिलेल्या आकड्याचाही एक दगड होता, याची टोचणी आम्हांला लागून राहिली.

चाकणच्या पाळीवरचा प्रश्न

त्याच सुमारास एका तरुण सभासदाने आम्हांला पेचात टाकले. हा गडी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांचा ऊस पाहतो. तो म्हणाला, "साहेब, कंपनीत टार्गेट फळ्यावर लिहिलेलं असतं. तासाला किती नग निघाले ते दिसतं. कमी पडले तर सुपरवायझर विचारायला येतो. शेतातलं टार्गेट मीच लिहिलं. ते चुकलं तर मला विचारणार कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आम्हांला वाटते की सगळे मर्म इथेच आहे. दुसऱ्याने दिलेल्या उद्दिष्टामागे दुसऱ्याचा धाक असतो. स्वतः ठेवलेल्या उद्दिष्टामागे धाक नसतो, तिथे कारण असावे लागते. धाक गेला आणि कारणही नसले, तर भर उन्हात नांग्या भरायला माणूस उठेल कशाला? आणि कारण भक्कम असले, तर तेच पहाटे पाटावर येऊन विचारते, "काय रे, पाणी कुठवर गेलं?"

उसाच्या पट्ट्यातला पोहणारा

याचे मोठे उदाहरण आपल्याजवळच आहे. मुरलीकांत पेटकर हे नाव 2024 साली आलेल्या 'चंदू चॅम्पियन' या हिंदी चित्रपटामुळे आपल्या मुलाबाळांच्या तोंडी झाले. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसवाल्या मुलखातले. ते सैन्यात भरती झाले आणि तिथे मुष्टियोद्धा म्हणून पुढे आले. बॉक्सिंगमध्ये नाव काढायचे, हे त्यांचे त्या काळचे उद्दिष्ट.

1965 च्या भारत-पाक युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या शिरल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे बळ गेले. आता बॉक्सिंगचे उद्दिष्ट घेऊन काय करायचे? पाय नसता फड मारायला निघाल्यासारखेच ते. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले आणि तिथे त्यांना नवा रस्ता दिसला. जे गेले त्याचा हिशेब बाजूला ठेवून, जे उरले आहे, म्हणजे खांदे, दंड आणि दम, त्यावर त्यांनी नवे उद्दिष्ट बांधले. 1968 साली तेल अवीव येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले आणि पहिल्या फेरीपुढे गेले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत 37.33 सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. अपंगांच्या या ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली. आपल्या घरोघरचे लोक ज्या पट्ट्यात पाळीला जातात, तोच हा पट्टा.

यातली दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पहिली अशी की, उद्दिष्ट बदलणे म्हणजे माघार नव्हे. रान बदलले, पाणी बदलले, माणूस बदलला, तर उद्दिष्ट बदललेच पाहिजे. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात दोन तास पाणी चालते त्याने धरणाच्या पाटाखालच्या बागायतदाराचा आकडा उचलू नये. आपल्याजवळ उरले आहे काय, तिथून सुरुवात करावी. दुसरी गोष्ट अशी की, पदक 1972 सालचे आणि पद्मश्री मिळाली 2018 साली. मध्ये 46 वर्षे गेली. अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव तर 2025 च्या जानेवारीत हाती आला. नुसत्या फेट्यावर आणि टाळ्यांवर जो पोहायला उतरेल, तो एवढ्या काळात केव्हाच काठाला लागेल.

लाकडाच्या गाड्या आणि भरलेले वजन

आता कुणी म्हणेल, आकड्याचा उपयोगच नसेल तर पत्रके कशाला वाटता? तसे नाही. आकड्याचा उपयोग मोठा आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. "होईल तितके चांगले करा" असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिले तर काम अधिक होते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा.

यातील एक प्रयोग आपल्या ऊस वाहतुकीशी फार जुळतो. ओक्लाहोमा राज्यात जंगलातून लाकडाचे ओंडके गिरणीला वाहून नेणारे ट्रकचालक होते. कायद्याने जेवढे वजन नेता येई त्याच्या साधारण 60 टक्केच ते भरीत. "शक्य तेवढं भरा" असे सांगून काही फरक पडत नव्हता. मग त्यांना नेमके उद्दिष्ट दिले : 94 टक्के. पैशाचे बक्षीस ठेवले नाही आणि कमी भरल्यास शिक्षाही ठेवली नाही. वजनाचा आकडा मात्र ज्याचा त्याला कळत होता. काही महिन्यांत भरती 90 टक्क्यांच्या वर गेली. 1975 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

बारकाईने पाहा. ट्रक किती भरायचा हे त्या चालकाच्या हातात होते. आणि भरले किती, हे त्याला दर खेपेला कळत होते. आपल्या "शंभर टन" या आकड्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. टन हे आपल्या हातात नसतात. ते पाऊस, थंडी, ऊन, तोडणीची तारीख यांच्याही हातात असतात. आणि भरले किती, हे कळते ते वर्ष-दीड वर्षाने, ऊस काट्यावर गेल्यावर! तेव्हा कळून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला, तशातली गत.

टनाचे ऊस करा

म्हणून टनाचा आकडा मोडून त्याचे ऊस करावे, असे आमचे सांगणे आहे. हिशेब अगदी सोपा आहे. एकरी 40,000 पक्व ऊस आणि प्रत्येक उसाचे सरासरी वजन अडीच किलो, म्हणजे 1,00,000 किलो, म्हणजेच शंभर टन. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हा गुंठ्याला 1,000 ऊस. सरी साडेचार फुटी असेल तर सरीच्या दर फुटाला साधारण चार ऊस. एवढे झाले की शंभर टन हे पत्रकावरून उतरून सरीत येतात, आणि तिथे ते बोटाने मोजता येतात.

आता आपण आज कुठे आहोत ते पाहा. तोडणीआधी फडात तीन ठिकाणी दहा-दहा फूट सरी मोजा. बांधाकडेची मोजू नका, ती नेहमी फसवते. दहा ऊस तोडून वाढे-पाचट काढून वजन करा. झाले आपले आजचे माप. पुष्कळांना वाटते खत कमी पडते. मोजल्यावर दिसते की ऊसच कमी आहेत. ऊस कमी असतात कारण फुटवे वेळेवर सांभाळले नाहीत. आणि फुटवे कमी असतात कारण उगवणीनंतर पहिल्या महिन्यात नांग्या भरल्या नाहीत. दोर तिथे तुटलेला असतो आणि आपण गाठ मारतो मोठ्या बांधणीला.

त्या सभासदांचे पुढे काय झाले

ज्यांच्या पत्रकावर आम्ही शंभर लिहिले होते, त्यांच्या घरी आम्ही एका संध्याकाळी गेलो. जरा अवघडतच गेलो. ते फारसे बोलले नाहीत. चहा ठेवता ठेवता वहिनीच म्हणाल्या, "साहेब, शंभर टन आम्हाला नकोच हायेत. पोरगी नर्सिंगला आहे. तिची फी भरायला दरसाल सोसायटीच्या दारात जावं लागतं. एवढं एक टळलं तरी पुष्कळ झालं."

आम्ही वही काढली. फीची रक्कम मांडली, टनाच्या दराने भागली, तोडणी-वाहतूक वजा करून खर्चही धरला. एकरी आठ-नऊ टन वाढले तर दोन एकरांत ती फी निघत होती. म्हणजे उद्दिष्ट 50 टन. पत्रकावर छापायला काही शोभिवंत आकडा नव्हे, पण तो त्यांच्या घरातून निघालेला होता.

मग त्याचे ऊस केले. त्यांच्या फडात गुंठ्याला सुमारे 675 ऊस होते आणि वजन सरासरी दीड किलो, म्हणजे एकरी एकेचाळीस टनांच्या आसपास. गुंठ्याला 775 ऊस आणि वजन 1.6 किलो झाले की पन्नास टन होतात. वहिनी चटकन म्हणाल्या, "म्हणजे गुंठ्याला शंभर ऊस वाढवायचे, एवढंच ना?" होय, एवढेच! आम्ही ज्यासाठी शंभर टन शंभर टन म्हणून वर्षानुवर्षे घसा कोरडा केला, ते त्या माउलीने शंभर उसांवर आणून ठेवले.

त्या हंगामात त्यांनी नवे कर्ज काढले नाही. दहा महिने वयाचे निरोगी बेणे आणले आणि बेणेप्रक्रिया केली. नांग्या भरण्यासाठी पिशवीतील रोपे आधीच तयार ठेवली आणि महिन्याच्या आत सगळ्या जागा भरल्या. एकरी 100 किलो नत्र चार वेळा विभागून दिले : लागणीला 10 किलो, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. घरातील दिनदर्शिकेवर दर महिन्याला गुंठ्याचे मोजलेले ऊस लिहून ठेवले.

बंधूंनो, इथे गोष्ट गोड करण्याचा मोह होतो, पण वजनपावती खोटे बोलत नाही. पन्नास टन झाले नाहीत. एकरी 47 टन झाले. फीतील काही रक्कम उसनी घ्यावीच लागली.

पण या वेळी ते तोंड चुकवून गेले नाहीत. पावत्या घेऊन स्वतः गट कार्यालयात आले आणि म्हणाले, "तीन टन कुठं राहिले ते सांगतो. खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. तिथं गुंठ्याला सहाशेसुद्धा ऊस नाहीत. यंदा चर काढतो." शंभर टनांचे उद्दिष्ट हुकले तेव्हा त्यांनी रान विकायचे काढले होते. पन्नासाचे हुकले तेव्हा चर काढायला घेतला. दोन्ही वेळा माणूस तोच आणि रानही तेच. पहिला आकडा आमचा होता, दुसरा त्यांचा. रानाचे गिऱ्हाईक त्यांनी परत पाठविले आहे. पुढचे आज कुणी सांगावे? पण यंदाच्या लागणीची नोंद त्यांनी केली आहे, आणि चाकणच्या त्या तरुण मित्राला आमचे उत्तरही त्यांनीच दिले आहे. चुकले तर विचारते कोण? ज्याच्यासाठी ठरविले, ते कारणच विचारते.

यंदाचे पत्रक

यंदापासून आमच्या पत्रकातील शेवटचा रकाना आम्ही बदलला आहे. एका आकड्याऐवजी आता चार ओळी आहेत :

1. मागील तोडणीचे माझे एकरी वजन, पावतीप्रमाणे.

2. यंदा किती वाढवायचे आणि ते घरातील कोणत्या गरजेसाठी.

3. त्यासाठी गुंठ्याला किती ऊस हवेत.

4. त्यासाठी मी कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत करणार.

दुसरी ओळ लिहिताना घाई करू नये. ती घरी नेऊन, घरातील माणसांना विचारून भरावी. कुणाला विहिरीचे कर्ज फेडायचे असेल, कुणाला लग्न काढायचे असेल, कुणाला फक्त वडिलांचे रान टिकवायचे असेल. सगळी कारणे सारखीच मोलाची. मात्र "शेजाऱ्याने लिहिले म्हणून" हे कारण त्या ओळीत चालणार नाही. शेजाऱ्याकडून बेणे घ्यावे, अनुभव घ्यावा, वेळप्रसंगी बैलजोडी घ्यावी. उद्दिष्ट तेवढे उसने घेऊ नये.

आणि एक. आता कुणाच्याही हातचे पेन आम्ही घेणार नाही. तो रकाना आपला आहे. तो भरून झाला की आम्हांला हाक मारा. मोजायला आम्ही बांधावर येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी